गाडीचं खानदान

माझ्या चुलत सासऱ्यांइतकी गाड्यांची बारीक पारख असलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नसेल, आणि त्यांनी जन्मात एकही गाडी घेतली नाही. सायकलसुद्धा नाही. तरी एका हिवाळ्यात त्यांनी औरंगाबादेतल्या निदान पंधरा-वीस गाड्या नापसंत केल्या, आणि त्यातल्या बहुतेक गाड्यांच्या मालकांना तो नकार मनाला लागला. इंजिन कसं आहे, टायर कधी बदलले, किलोमीटरला किती पिते, असलं काही ते विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "हिच्यात आधी काय काय वाहिलं?" मालक काहीबाही सांगायचा. मामा (सासऱ्यांना मी मामाच म्हणायचो) ते ऐकून घ्यायचे, मग डोकं गाडीत घालून डोळे मिटायचे आणि एक मोठा श्वास ओढायचे. "राकेल," ते बाहेर येऊन म्हणायचे. "धुतलंय तुमी, न्हाय म्हणत नाय. पण राकेलच." मालक तोंड उघडं टाकून बघत राहायचा, कारण दोन वर्षांपूर्वी त्यानं खरंच राकेल वाहिलेलं असायचं. मी एकदा वैतागून म्हटलं, "मामा, आपल्याला एक दिवस जाऊन यायचंय, सोयरीक नाही जुळवायची." त्यावर ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "जावईबापू, गाडीचं खानदान बगावं लागतं. माणूस विसरतो. कुत्रं विसरत नाय."

कारण गाडी त्यांना स्वतःसाठी नको होती. त्यांच्याकडे पाच कुत्री होती आणि पाचही जणांना पसंत पडेल अशी गाडी हवी होती.

मामा छावणीत राहायचे. गवताच्या एका गोदामावर तीस वर्षं राखणदार होते, आणि निवृत्त झाल्यावरही तो खाकी कोट त्यांच्या अंगावरून उतरला नव्हता. सहा फूट उंची, डोक्याला पांढरा रुमाल, हातात काठी. बसणं हा प्रकार त्यांना मानवत नसे. काठीवर रेलून, एक पाय दुसऱ्या गुडघ्याला टेकवून ते तासन् तास उभे राहत, माळावर मेंढरं राखणारा माणूस उभा राहतो तसे. गोदामावर साहेबानं दिलेल्या खुर्चीत तीस वर्षं कुत्रं बसलं आणि मामा शेजारी उभे राहिले. आमच्या लग्नातही ते एका पायावर उभे होते. मुलीकडचा एक बुजुर्ग असा उभा आहे म्हटल्यावर आमच्याकडच्यांना वाटलं, काही रुसवाफुगवा झालाय. माझे वडील मानपानाची शाल घेऊन तीनदा त्यांच्यापुढे गेले, तीनदा मामांनी शाल घेतली आणि तसेच उभे राहिले. चौथ्यांदा वडील नुसतेच हात जोडून परत आले.

कुत्र्यांची नावं चौका, फुलंब्री, आळंद, भवन आणि गोळेगाव. आमच्याकडच्या माणसाला एवढं सांगितलं की तो हसू लागतो, बाहेरच्याला फोड करून सांगावी लागते. ही सगळी औरंगाबादहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची गावं. मेंढरांचा कळप ज्या गावाच्या शिवारात उतरलेला असताना पिल्लू जन्मलं, ते गाव त्याचं नाव. त्यात फुलंब्री तेवढी कुत्री, बाकी चौघे कुत्रे. मामा त्यांना हाक मारायचे तीही रस्त्याच्या क्रमानं, कारण मधलं गाव गाळलं की त्यांना चुकल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी छावणीच्या रस्त्यावर उभं राहून खड्या आवाजात "चौका, फुलंब्री, आळंद, भवन, गोळेगावऽऽ" सुरू झालं की नवखी माणसं पिशव्या सावरत धावत यायची. एकदा एका बाईनं बोचकं खाली ठेवून विचारलं, "फर्दापूर घेता का?" मामांनी अदबीनं उत्तर दिलं, "नाय माय, गोळेगावपस्तोरच हायेत."

ही कुत्री त्यांच्याकडे कशी आली ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. निजामावर पोलीस ॲक्शन झालं त्या साली मामा विशीतले होते. त्या धामधुमीत त्यांचा कळप पांगला, निम्म्याहून जास्त मेंढरं गेली. उरलेल्यांत दोन भावांचं भागेना. तेव्हा वडिलांनी सांगितलं, थोरल्यानं मेंढरं बघावी, धाकट्यानं शहरात पोटाचं बघावं. मामा धाकटे; माझे सासरे या दोघांचे चुलत भाऊ. वाटणी म्हणावी अशी काही झालीच नाही. पण दरसाल दिवाळीनंतर थोरले भाऊ कळप घेऊन खाम नदीपलीकडच्या माळावर उतरत, आणि जाताना एक कुत्रं मामांकडे सोडून जात. "ह्ये तुजं." एवढंच बोलत. ते कुत्रं अर्थातच म्हातारं असे. पाय गेलेलं, लांडग्याच्या चाव्यानं कान फाटलेलं, कळपामागं चालणं आता होत नाही असं. चालतं कुत्रं कोण देईल? आम्ही घरात चेष्टेनं त्या घराला पेन्शन ऑफिस म्हणत असू. मामांना त्याचं काही वाटत नसे. त्यांच्या लेखी ती त्यांच्या वाटणीची मेंढरंच होती, फक्त कुत्र्याच्या रूपानं आलेली. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी दुधात कुस्करलेली भाकरी पाच ताटल्यांत वाढली की त्यांचा दिवस संपायचा. रस्त्यानं जाताना ते कुत्र्यांच्या पुढे कधीही चालत नसत, नेहमी मागं. "म्होरं चाललं की आपली कोण ऱ्हायली ते कसं दिसंल?" असं म्हणायचे.

मग त्या हिवाळ्यात थोरल्यांचा कळप आला नाही. आला तो फर्दापूरकडचा एक पाहुणा, निरोप घेऊन. मामा त्याला घेऊन सरळ माझ्याच घरी आले. पाहुणा चहा बशीत ओतत म्हणाला, "थोरल्यानं अंथरूण धरलंय. मेंढरं इकली सारी. त्याचं काय नाय म्हणू राह्यला, पण म्हणतो, माझी कुत्री येकडाव डोळ्यानं बगू द्या. पाचीच्या पाची. लवकर या म्हणलाय." मामा काठीवर रेलून उभे होते. पाहुणा गेल्यावर ते मला म्हणाले, "जावईबापू, गाडी पायजे."

मी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून. कचेरीच्या दारात जीप उभी असते म्हणून सगळ्या सासुरवाडीचा असा समज होता की ती मीच घेतलेली आहे. मलाही तो समज मोडवत नव्हता. रविवारी मी ड्रायव्हरला गळ घालून, साहेबांना न सांगता, जीप छावणीत आणली. नोकरीत मी केलेला एवढाच गुन्हा. मामांनी श्वास ओढून पाहिला. "कागद आन् शाई," ते म्हणाले. "चालंल." मग त्यांनी कुत्र्यांना बोलावलं. पाचही जणांनी जीपला एक फेरी मारली, चार चाकांशी चौघं आणि पुढच्या दिव्याखाली फुलंब्री अशी बसली, आणि ड्रायव्हर दाराकडे येताच पाचही जण दात विचकून उभे राहिले. जन्मभर त्यांनी एकच गोष्ट केली होती. मालक ज्याच्याकडे बोट दाखवील ते राखायचं. आत बसायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सरकारी जीप दीड तास त्यांच्या ताब्यात होती. मी आणि ड्रायव्हर समोरच्या ओट्यावर बसून राहिलो, आणि मामांच्या चेहऱ्यावर, लपवूनही लपत नव्हता असा, अभिमान होता. "चाक हालू देनार नायत," ते म्हणाले. तेच तर नको होतं!

त्यानंतर गाड्यांची रांग लागली. एसटीचा विचार आधीच निकालात निघाला होता, पाच कुत्र्यांना घेऊन शंभर किलोमीटर जायचं म्हटल्यावर कंडक्टरनं नुसते हात जोडले. टांगा कुत्र्यांना पसंत होता, पण तो पोचेस्तोवर पुढचा हिवाळा आला असता. एका अँबेसिडरवाल्यानं पाव्हण्यांसाठी म्हणून गाडीत उदबत्ती लावून ठेवली होती. आळंदनं आत तोंड घातलं आणि मामीच्या फोटोपुढे उदबत्ती लागली की बसायचा तसा बाहेरच बसला. मिरचीची ने-आण करणाऱ्या टेम्पोत कुत्री चढायच्या आधी मामाच चढले आणि एकवीस शिंका देऊन उतरले. कांद्याचा ट्रक, रंगाच्या डब्यांची व्हॅन, एका बँडवाल्यांची मोठी गाडी, सगळ्यांची पाहणी रीतसर झाली. पाहणीला जाताना मामा कोटाची बटणं लावत, कुत्र्यांना पुसून घेत, आणि नापसंती कळवताना समोरच्याचं मन दुखावू नये म्हणून म्हणत, "गाडी सोन्यावानी हाये, पण जमत नाय." बँडवाल्यांनी तर चहापोहे केले होते.

पहिल्या पंधरा दिवसांत मला मजा वाटली. तिसऱ्या आठवड्यात नाही वाटली. फर्दापूरहून दुसरा निरोप आला, थोरले आता फक्त पेज घेतात असा. आमच्या मंडळीनं डोळ्यांत पाणी आणून मला सुनावलं, "थोरले काका तिकडं जातील आन् तुमी हिकडं गाड्या हुंगत बसा." जणू हुंगत मी होतो. मी त्याच दुपारी छावणीत गेलो. मामा अंगणात वाकून, उभ्यानंच, गोळेगावच्या पायाला एरंडेल चोळत होते. मी उभ्याउभ्याच बोललो, आणि जरा जास्तच बोललो. म्हटलं, मामा, राकेल काय आणि मिरची काय, ही सगळी निमित्तं आहेत. कुत्री तोंड बांधून, पाय बांधूनही नेता येतात. तुम्हाला जायचंच नाही. तुमचा भाऊ तिकडे वाट बघतोय आणि तुम्ही गाडीचं खानदान बघताय!

त्यांनी एरंडेलाची वाटी बाजूला ठेवली, हात कोटाला पुसले. मला वाटलं, आता मला घालवून देणार. पण ते खाली, कुत्र्याशेजारी, जमिनीवर बसले. मी त्यांना बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"खरं हाये," ते म्हणाले. "ही कुत्री त्याची. माज्याकडं फकस्त ऱ्हायला आली. त्यानं नुसतं ह्यॅ केलं तरी तिथंच बसतेत, मला ठाऊक हाये. मंग मी हिकडं येऊन काय करू? पाच ताटल्या धुऊन ठिवू?"

कचेरीत रोज माणसांच्या अर्जांवर शेरे मारणारा मी, त्या प्रश्नावर काय शेरा मारणार? मी आपला गोळेगावचा दुसरा पाय धरला आणि एरंडेल चोळत बसलो. थोड्या वेळानं मामा म्हणाले, "बांधून नको पण. मेंढक्याचं कुत्रं बांधून नेलं तर त्याला वाटंल, इकलं. सोताच्या पायानं चढतील ती गाडी. मिळाली की त्याच घडीला निगू. जबान देतो."

गुरुवारी छावणीचा जनावरांचा बाजार भरतो. मामा कुत्र्यांना घेऊन, म्हणजे कुत्र्यांच्या मागून, बाजारातून चालले होते, मी बरोबर होतो. एका कडेला मागचं फळकूट खाली सोडलेला एक टेम्पो उभा होता. रंग उडालेला, बुडाशी भुस्सा आणि लेंड्यांचा थर, फळ्यांच्या फटींत लोकर अडकलेली. चौकानं मान वर केली. मग कुणी काही म्हणायच्या आत तो त्या फळकुटावरून वर गेला. त्याच्या मागं भवन, मग फुलंब्री, मग आळंद. गोळेगावला चढवेना तर तो पुढचे पाय फळकुटावर ठेवून रडायला लागला, तसं मामांनी त्याला उचलून वर ठेवलं. आत पाचही जणं कोपरान् कोपरा हुंगत होती, शेपट्या हलवत, एकमेकांना धडका देत. इतकी तरतरीत मी त्यांना कधी पाहिली नव्हती. मेंढरं आत्ताच कुठेतरी गेलीयेत, एवढ्यात येतील, असा त्यांचा समज झाला असावा.

मामांचा चेहरा मात्र उतरला. त्यांना श्वास ओढून पाहायची गरज नव्हती. टेम्पोवाला, बाबूभाई नावाचा एक पोक्त माणूस, चहाचा ग्लास घेऊन आला आणि आत डोकावून म्हणाला, "क्या मामू, ये कायकू चढाये?"

"हिच्यात काय वाहता?" मामांनी विचारलंच.

"बकरे, मेंढे. हौर क्या."

"कुटं नेता?"

बाबूभाईनं क्षणभर मामांच्या रुमालाकडे, काठीकडे पाहिलं. काय ते त्याला कळलं असावं, कारण त्यानं आवाज खाली आणला. "अब मामू, तुम्हारे कू क्या बोलू. जिधर जाते, उधरिच ले जातूं."

जी मेंढरं परत येत नाहीत ती नेणारी गाडी. थोरल्यांचा कळपही अशाच कुठल्यातरी गाडीत चढला असणार. मामा काठीवर रेलले, पाय मात्र गुडघ्याला लावला नाही. मी मनात म्हटलं, आता हीसुद्धा नापसंत, आणि या खेपेला मी एक शब्द बोलणार नाही. कुत्री आतून त्यांच्याकडे बघत होती. मग त्यांनी बाबूभाईला विचारलं, "फर्दापूरला येता का? आत्ताच?" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "खानदान वाईट हाये. पण जबान दिली."

आम्ही बाजारातूनच निघालो. मी घरी निरोप धाडला, कचेरीला तोही नाही. बाबूभाईशेजारी मामा आणि मामांशेजारी मी. मागच्या खिडकीची काच फुटलेली होती, तिच्यातून मामा सारखे मागं बघत होते. रस्त्यानं एक एक गाव येत गेलं, आणि प्रत्येक गावाला मामा खिडकीतून त्या त्या कुत्र्याला सांगत, "ए आळंद, तुजं गाव बघ रं." कुत्री गावाकडे बघत नव्हती. ती फळ्यांच्या फटींतली लोकर हुंगत होती. अजिंठ्याचा घाट उतरताना मामांनी माझा हात धरला. गाडीला घाबरले, असं मी तेव्हा समजलो, आणि आपण त्यांना धीर देतोय म्हणून माझं मलाच मोठं वाटलं.

थोरल्यांची वस्ती फर्दापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. लिंबाखाली बाज, बाजेवर घोंगडं, घोंगड्यात थोरले. इतके वाळलेले की घोंगडंच पडलंय असं वाटावं. मामांनी फळकूट सोडलं. कुत्री उतरली, दोन पावलं चालली आणि थबकली. थोरल्यांनी हाक मारली नाही, त्यांच्यात तेवढा आवाजच नव्हता. त्यांनी फक्त हात बाजेखाली सोडला. पाचही कुत्री गेली आणि त्या हाताखालून एकेक करून सरकली, आणि बाजेच्या सावलीत बसली. आपापल्या जागा ठरलेल्या असाव्यात तशी.

दोघे भाऊ वर्षानं भेटत होते. कुणी कुणाची तब्येत विचारली नाही. थोरले कुत्र्यांकडे बघत म्हणाले, "लई म्हातारी केलीस रं."

"म्हातारीच दिल्ती तू," मामा म्हणाले.

थोरले हसले. हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर ते डोळे पुसत होते. "व्हय," ते म्हणाले. "चांगली चांगली मीच ठिवली." मामा बाजेच्या कडेशी बसून थोरल्यांचे पाय चेपत राहिले. मी आणि बाबूभाई विहिरीकडे जाऊन उगाच पाणी बघत उभे राहिलो.

उन्हं कलली तशी बाबूभाईला परतायची घाई झाली. थोरल्यांना झोप लागली होती, हात तसाच खाली, भवनच्या डोक्यावर. मामा उठले, रुमाल नीट केला, टेम्पोपाशी आले. कुत्र्यांनी माना वर केल्या. पाचांनीही. ती मामांकडे बघत होती, काय करायचं ते विचारत असल्यासारखी. मामांची भीती खोटी होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मला राहवेना. मी हळूच म्हटलं, "मामा, हाक मारा ना. येतील ती."

"येतेत," मामा म्हणाले. "म्हणून तर मारत नाय." आणि फळकूट वर करून साखळी लावताना, "त्याच्यापाशी आता कायबी नाय ना, जावईबापू."

थोरले त्यानंतर होळीपर्यंत होते, आणि त्या दिवसांत कुत्र्यांनी बाज सोडली नाही, असं पुढे कळलं. पण त्या संध्याकाळी आम्हाला कुणालाच पुढचं काही ठाऊक नव्हतं. बाबूभाईनं गाडी चालू केली. मी पुढचं दार उघडून धरलं आणि मामांना म्हटलं, चला. तर ते साखळी पुन्हा सोडत होते. सहा फुटांचा तो माणूस काठी आत टाकून, गुडघा फळकुटावर टेकवून, लेंड्यांच्या त्या थरावर चढला.

"मामा, पुढं बसा. मागं घाण आहे."

"नको," ते आतून म्हणाले. "रिकामी गाडी गेल्यावानी दिसंल."

बाबूभाई आरशात बघत होता, त्यानं इंजिन बंद केलं. मी दार लावलं, पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि मागं जाऊन मामांच्या शेजारी बसलो.